नेढ्याखालचा होकार

“पण तिची परवानगी कशाला लागते, बाबा? वैराग्य माझं आहे.”

केवळगिरी बाबांनी वर पाहिलं नाही. मठाच्या फरशीवर उकिडवे बसून ते वाळत घातलेली हळद हातानं उलटीपालटी करत होते. शेजारच्या तातोबाला खळ्यात जागा पुरली नाही की तो आपली शिजवलेली हळद मठाच्या अंगणात आणून पसरायचा. शेळ्या हाकलायचं काम बाबांकडे असायचं.

“विचारलंस का तिला?”

“तिला माहीत आहे.”

“माहीत असणं येगळं. विचारलंस का?”

प्रभाकरचा उजवा पाय हलत होता. बसला की त्याचा पाय हलायचा, आणि ते त्याला कळायचं नाही.

“संन्यास घ्यायचा तर बायकोनं हो म्हणावं लागतं,” बाबा म्हणाले. “ही रीत माझ्याही आधीची आहे. मी मोडणार न्हाई. पुढच्या खेपेला तिला घेऊन ये.”

प्रभाकर हुपरीकर कोल्हापूरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. निवृत्तीच्या आधीपासूनच त्याला अध्यात्माची ओढ लागली होती. हरिद्वार, दक्षिणेतला अरुणाचल, गिरनार, सगळीकडे तो जाऊन आला होता. कुठे गुरू बोलघेवडे वाटले, कुठे शिष्य भोळसट, कुठे जेवणावळी फार. प्रत्येक ठिकाणाहून तो थोडा अधिक शहाणा आणि थोडा अधिक अस्वस्थ होऊन परतायचा.

माळवंडीला तो पहिल्यांदा आला तो डोंगर बघायला.

माळवंडी म्हणजे हळदीचं गाव. एक पेठ, एक एस.टी. स्टँड, आणि चहूकडे काळी रानं. गावाच्या डोक्यावर एक लांबट कातळ उभा आहे, आणि त्याच्या टोकाशी आरपार भोक. नेढं. सुईच्या नेढ्यासारखंच, फक्त त्यातून बैलगाडी जाईल एवढं मोठं. गावातले लोक त्या डोंगराला सुईच म्हणतात. वारा सुटला की सुई घुमते. बाहेरून आलेला माणूस मान वर करून बघतच राहतो. गावातलं कुणी बघत नाही. माघ-फाल्गुनात तर नाहीच. तेव्हा हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, आणि अख्ख्या गावाचे तळपाय पिवळे झालेले असतात.

नेढ्यात बसून बाबांनी म्हणे तरुणपणी तप केलं होतं. मग एक दिवस उतरले, पेठेच्या टोकाला पत्र्याचं छप्पर घातलं, आणि परत वर गेले नाहीत. का उतरले, हे प्रभाकरने विचारलं होतं.

“वर पाणी न्हाई,” बाबा म्हणाले होते.

हा माणूस त्याला पटला. दोन वर्षं तो येत होता आणि दीक्षा मागत होता. बाबांनी नाही म्हटलं नव्हतं. होही म्हटलं नव्हतं.

फाल्गुनात एका सकाळी तो बायकोला, कुमुदला, गाडीत घालून निघाला. सांगली मागे पडेपर्यंत तो काहीच बोलला नाही. मग माळवंडीचा फाटा आला.

“कुमुद, मी संन्यास घ्यायचं ठरवलंय.”

तिनं खिडकीतून नजर काढली नाही.

“पुढं खड्डा आहे,” ती म्हणाली. “हळू घ्या.”

त्यानं गाडी हळू केली. तिच्याकडून आणखी काहीतरी येईल म्हणून तो वाट बघत राहिला. आलं नाही. मग समोर सुई दिसायला लागली आणि त्याला बोलायला विषय मिळाला. लाव्हाचे थर कसे साचले, मऊ थर वाऱ्या-पावसानं कसा झिजला, आणि वरचा कठीण थर कमानीसारखा कसा उरला, हे त्यानं तिला समजावून सांगितलं. ती हूं हूं करत होती. बघत होती ती खाली. घराघरांपुढे पिवळीजर्द अंगणं होती, त्यांत वाकलेल्या बाया होत्या, आणि सगळ्या गावावर शिजलेल्या हळदीचा ओलसर, मातकट वास पसरला होता.

“इथं सगळ्याच घरांत लगीन असल्यासारखं वाटतंय,” ती म्हणाली.

मठात पोचल्यावर प्रभाकरने वाकून नमस्कार केला आणि लगेच म्हणाला, “आणलंय तिला.”

बाबा कुमुदकडे बघून हसले. “ये माय. उन्हातनं आलीस. पाणी घे.”

तिनं पाणी घेतलं. पदर खोचला आणि कोणी न सांगता हळदीच्या कडेला बसली. हातानं एक हळकुंड उचललं, वास घेतला, परत ठेवलं.

“अजून वाळायची आहे,” ती म्हणाली.

“व्हय. आणि चार-सहा उन्हं पायजेत.”

प्रभाकर उभाच होता. खिशातल्या किल्ल्या वाजवत होता. “बाबा, आपण त्या विषयाचं…”

“मास्तर,” बाबा म्हणाले, “तुला नेढ्यात बसायचं होतं न्हवं?”

प्रभाकरचा हात थांबला. दोन वर्षांत तीनदा त्यानं हे मागितलं होतं. प्रत्येक वेळी बाबांनी विषय बदलला होता.

“आज जा.”

“आत्ता?”

“आत्ता.”

“किती वेळ बसू?”

“बसवेल तितका.”

त्यानं एकदा कुमुदकडे पाहिलं. ती हळद पसरत होती, जाडी एकसारखी व्हावी म्हणून बोटांनी हलकेच सारत. तिनं मान वर केली नाही. तो निघाला.

वाट उभी होती. खालून छोटी वाटणारी सुई जवळ गेल्यावर अंगावर यायला लागली. शेवटच्या टप्प्यात पायाखाली मुरूम घसरत होता. हात टेकत, धापा टाकत तो नेढ्यात शिरला आणि वाऱ्यानं त्याचा शर्ट फुगवला.

दगड गार होता. डोक्यावर कमान, दोन्ही बाजूंनी आभाळ. इतकी वर्षं ज्या जागेची कल्पना केली होती ती हीच. त्यानं जागा झाडली, मांडी घातली, पाठ ताठ केली, डोळे मिटले.

वारा घुमत होता. लागलेली धाप हळूहळू शांत झाली.

मग मनात आलं, खाली काय चाललं असेल…

बाबा तिला समजावत असतील. ती रडत असेल. नाही, ती रडायची नाही लोकांपुढे. म्हणेल, ह्या वयात मला एकटीला टाकून… मग बाबा काय म्हणतील? बाबा साधे आहेत, त्यांना तिच्याशी वाद घालता यायचा नाही. आपण तिथं असायला हवं होतं. तिच्या प्रत्येक मुद्द्याला त्याच्याजवळ उत्तर होतं. घर तिच्या नावावर करणार होता. पेन्शन तिलाच. मुलगी पुण्यात सुखात आहे. तिला काय कमी पडणार होतं? ती नाही म्हणेल, तेव्हा हे सगळं शांतपणे मांडायचं. ती तरीही नाही म्हणेल. मग जड मनानं, पण ठामपणे…

तो स्वतःशी ओठ हलवून बोलत होता. ते लक्षात आल्यावर त्यानं पुन्हा पाठ ताठ केली.

असं बऱ्याचदा झालं.

शेवटी त्यानं डोळे उघडले आणि कडेशी सरकून खाली पाहिलं. पेठ दिसली, मठाचं पत्र्याचं छप्पर दिसलं, त्याच्यापुढे पिवळा चौकोन. चौकोनाच्या कडेला दोन ठिपके. एक भगवा, एक निळा. कुमुदची साडी निळी होती.

निळा ठिपका उठला. भगव्यापुढे वाकला. आणि रस्त्यानं चालू लागला.

प्रभाकर उभा राहिला. ती कुठे निघाली? गाडीकडे? गाडी मठाच्या मागं होती, ती उलट बाजूला चालली होती. तो उतरायला लागला. मुरमावरून घसरला, तळहात सोलून निघाला. उठला, आणि न झटकता तसाच उतरत राहिला.

अंगणात बाबा एकटेच होते.

“ती कुठाय?”

“स्टँडवर गेली. मिरजेच्या गाडीची वेळ झालीया म्हणाली.”

“मिरजेला? कशाला?”

“भण हाय म्हणं तिची तिथं.”

प्रभाकर तिथंच फरशीवर बसला. लगेच उठला.

“काय म्हणाली ती?”

“हो म्हणाली.”

“हो…?”

“मी विचारलं, माय, ह्याला जाऊ देतीस का. हळद पसरायची ऱ्हायली होती तेवढी पसरली. मग म्हणाली, हो.”

“एवढंच?”

“एवढंच विचारलं हुतं.”

“रडली?”

“न्हाई.”

“चिडून म्हणाली का? बाबा, ती चिडली की असंच एका शब्दात बोलते.”

“चिडलेली न्हवती.” बाबांनी चुलीकडं बोट केलं. “पाणी तापत ठेवलंय. अंघोळ कर. वस्त्र काढून ठेवलंय. तिन्हीसांजेच्या आत उरकू.”

ओट्यावर एक कोरं भगवं वस्त्र घडी घालून ठेवलेलं होतं. दोन वर्षं त्याला ते हवं होतं. त्यानं त्याच्याकडं पाहिलं आणि सोललेला तळहात पँटला पुसला.

“गाडी किती वाजताची आहे?”

बाबांनी चुलीत एक लाकूड सारलं.

“मी… आलोच,” तो म्हणाला, आणि किल्ल्या काढत गाडीकडं पळाला.

स्टँडवर कुमुद बाकावर बसली होती. मांडीवर हरभऱ्याचा ढाळा होता. एकेक घाटा सोलून ती तोंडात टाकत होती. बोटं हळदीनं पिवळी झालेली. त्याला पाहून ती थोडी सरकली, त्याला बसायला जागा व्हावी म्हणून. तो बसला नाही.

“तू हो म्हणालीस?”

“हो.”

“का?”

“तुम्हाला हवं होतं ना.”

“मला हवं होतं म्हणून? तुला काही… तुला काहीच वाटलं नाही?”

तिनं एक घाटा सोलला.

“हे तुम्ही कधी विचारलंत का?”

“आता विचारतोय.”

“आता मी हो म्हणून मोकळी झाले.” ती राग न करता बोलत होती, एखाद्या शेजारणीला सांगावं तसं. “त्या बाबांनी विचारलं. सरळ विचारलं, माय, जाऊ देतेस का. मला वाटत होतं, कधीतरी तुम्ही विचाराल. तुम्ही गिरनारला गेलात तेव्हा वाटलं, आल्यावर विचारतील. त्या दक्षिणेतल्या आश्रमात महिनाभर राहिलात, तेव्हा तर मी उत्तर तयार ठेवलं होतं.”

“काय उत्तर?”

“तेव्हाचं नाही होतं.”

कंडक्टर-ड्रायव्हर टपरीवर चहा घेत होते. मिरजेची गाडी लागलेली होती.

“कुमुद, मी घरात ध्यानाला बसायचो, त्यात तुला कधी त्रास…”

“कुकरची शिट्टी काढून ठेवलीय मी,” ती म्हणाली. “सात-आठ वर्षं झाली. पातेल्यात शिजवते सगळं. वरण शिजायला तासभर लागतो. तुम्हाला कधी कळलं नाही, वरण असं का लागतं.”

“मी सांगितलं नव्हतं शिट्टी काढायला.”

“नव्हतं सांगितलं. एकदा शिट्टी झाली आणि तुम्ही देवघरातून बाहेर येऊन नुसतं पाहिलंत माझ्याकडं.”

त्याला ते आठवेना. तो आठवायचा प्रयत्न करत राहिला.

“ताईकडं जाते. तिच्याकडं दिवसभर भांडी आपटतात, टीव्ही चालतो, नातवंडं किंचाळतात. तिथं जाऊन मी कुकर लावणार आहे. आधी तेवढंच करणार आहे. पुढचं पुढं.”

“आणि घर?”

“घराला कुलूप आहे.”

ड्रायव्हर उठला. कुमुदनं ढाळा पिशवीत घातला, पदर सारखा केला.

“थांब,” तो म्हणाला. “एस.टी.नं कशाला जातेस… गाडी आहे. मी सोडतो तुला.”

ती पहिल्यांदा हसली. ते हसू वाईट नव्हतं.

“सोडायलाच तर आणलं होतंत.”

ती एस.टी.त चढली. पुढून तिसऱ्या खिडकीशी बसली. तिला जागा मिळाली ह्याचं त्याला उगाच बरं वाटलं. गाडी सुरू झाली तेव्हा ती त्याच्याकडं बघत होती. मग गाडी वळली आणि ती समोर बघायला लागली.

तो बराच वेळ स्टँडवर उभा होता. कुणीतरी विचारलं, कुठं जायचंय. त्याला सांगता आलं नाही.

तो आपल्या गाडीत बसला. मिरजेच्या रस्त्याला लागला, फाट्यापर्यंत गेला, तिथं थांबला. इंजिन चालू ठेवून बसला. एस.टी.ला गाठता आलं असतं. पण गाठून काय म्हणायचं? चल म्हणायचं, की येतो म्हणायचं? त्याला वाटलं, आत्ता जर मागं गेलो तर दोन वर्षं फुकट. मग वाटलं, दोनच? त्यानं गाडी वळवली. परत थांबला. पलीकडच्या रानात हळद काढणाऱ्या बायका हात थांबवून त्याच्याकडं बघायला लागल्या, तेव्हा तो निघाला. माळवंडीकडे.

मठात पाणी अजून ऊनच होतं. बाबांनी चूल विझू दिली नव्हती.

“आलास.”

“आलो.”

“गेली?”

“गेली.” तो ओट्याच्या कडेला टेकला. “बाबा, तिनं मला अडवलं नाही. मला वाटलं होतं, ती अडवेल. मी कितीतरी उत्तरं तयार केली होती. वर नेढ्यात बसूनसुद्धा तेच करत होतो.”

“हां.”

“तिनं एकही प्रश्न विचारला नाही.”

“हां.”

“ती इतकी मोकळी कशी झाली? ध्यान मी केलं. उपास मी केले. पहाटे उठलो. पुस्तकं वाचली. ती कधी पाच मिनिटं जपाला बसली नाही.”

बाबांनी हळदीतला एक खडा वेचून बाहेर टाकला.

“तू जपाला बसायचास,” ते म्हणाले, “तेव्हा ती काय करायची?”

“स्वयंपाक… पातेल्यात.” तो थांबला. “आवाज न करता.”

वरती सुई घुमायला लागली होती. संध्याकाळचा वारा सुटला होता.

प्रभाकर उठला. अंगणातून दाराकडं गेला, दारातून परत आला. पुन्हा गेला. वस्त्राला हात लावला, हात काढून घेतला. मग एकदम शर्ट काढला, ओट्यावर टाकला आणि मोरीत जाऊन भराभर तांब्यावर तांब्या अंगावर ओतला. सोललेल्या तळहाताला गरम पाणी झोंबलं. नेढ्यात बसताना ताठ केलेली पाठ आता वाकली होती. आत तो रडला की नाही हे कुणाला कळलं नाही. पाण्याचा आवाज होता.

ओलेता, काकडत तो बाबांपुढे येऊन उभा राहिला.

“द्या,” तो म्हणाला. “आता अडवणारं कुणी नाही.”

बाबा त्याच्याकडं बघत राहिले. मग सावकाश उठले. गुडघ्यांवर हात टेकून, कण्हत. ओट्याशी गेले. भगव्या वस्त्राची घडी उचलली, पत्र्याची पेटी उघडली, तीत ती घडी ठेवली आणि झाकण लावलं.

मग त्यांनी ओट्यावरचा त्याचा शर्ट उचलला, झटकला, आणि त्याच्यापुढे धरला.

“घाल. वारा गार सुटलाय.”

प्रभाकरने शर्ट घेतला नाही. त्याच्या केसांतून पाणी गळत होतं.

“बाबा… आणि माझी दीक्षा?”

बाबांनी शर्ट त्याच्या ओल्या खांद्यावर टाकला.

“ती दुपारच्या एस.टी.नं गेली.”